डाव्या खांद्यावरचे कळे

मी, महिपती रावजी गुरव, वय वर्षे सेहेचाळीस, धंदा नोकरी (महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक), मूळ राहणार खडपकोंड, तालुका पोलादपूर, सध्या राहणार महाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, भर सकाळी, चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. त्याची एक झडप पुढच्या आठवड्यात मुंबईला बदलायची आहे. डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणतात आणि लगेच सह्यांचे कागद पुढे करतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी पत्नी सौ. सुंदरा मघाशी म्हणाली, "अहो, ऑपरेशनला चाललात की काशीला? आधी भाजी निवडून द्या." भाजी निवडून दिली आहे. आता राजीखुशीने पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो.

१. महाडमधील राहते घर, त्यातील सर्व सामान, बँकेतील शिल्लक व नोकरीतून मिळेल ते सर्व सौ. सुंदरा हिचे. त्यावर माझ्या भाऊबंदांपैकी कोणीही हक्क सांगू नये. गेल्या वर्षीच्या पुराची रेघ भिंतीवर आहे, ती रंगवायची की ठेवायची हे तिनेच ठरवावे. मी 'राहू दे' म्हणत आलो. ती "तुम्हाला आठवणी, मला पोपडे" म्हणत आली. दोघांचेही बरोबर आहे.

२. माझी पुस्तके माझा कॉलेजपासूनचा मित्र अश्वजित याला द्यायची होती. परंतु या कागदावर साक्षीदार म्हणून त्याची सही हवी, आणि ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीला बसू नये असे तो म्हणतो. तो वकिलाकडे लेखनिक आहे, त्याला माहीत. "पुस्तकं की सही, काय ते एक ठरव," असे म्हणून तो माझ्या कपाटाकडे बघत बसला. म्हणून सर्व पुस्तके त्याची मुलगी शर्मिला हिला. तिने ती बापाला वाचायला द्यावीत, पण परत करण्याची तारीख घालून.

३. माझ्या रोजनिश्या सौ. सुंदरा हिच्याकडे राहतील. वाचायच्या असतील तर वाचाव्यात. त्यात गुपित काही नाही. पाऊस किती पडला, गाडी किती उशिरा आली, कोणाकडे काय खाल्ले, आणि मी कोणाशी वागताना कुठे कमी पडलो असेन याची चघळचघळ. जी गोष्ट खरोखर लिहायला हवी होती तिच्यावर एकही ओळ नाही. ती इथे कलम ६ मध्ये आहे.

४. खडपकोंडाच्या गावकीचे अध्यक्ष रामजीकाका यांनी माझ्याकडून वेळोवेळी नेलेल्या छत्र्या त्यांच्याकडेच राहाव्यात. शेवटची यंदाच्या गणपतीत नेली. लाकडी मुठीची होती, वडिलांची. ती तरी उन्हात वाळवून ठेवावी.

५. गावदेव भैरीच्या पूजेची भांडी, शंख आणि वडिलांचा ढोल माझा चुलतभाऊ चांगू याला. वडिलांमागे पूजा तोच करतो, त्यामुळे हे आधीच त्याच्याकडे आहे. फक्त कागदावर यावे. ढोल पावसाळ्यात चुलीच्या वर टांगावा. पहाटे वडील तो टांगलेला ढोल उतरवून बोटाच्या पेराने एकदाच वाजवून बघत, आणि त्या एका आवाजाने मी जागा होई. त्यानंतर आईची चूल, मग म्हशीची घंटा, मग खालच्या वाडीतून कोणाची तरी खोकल्याची उबळ. आमची वस्ती, आमचा कोंड, असा उठायचा. ते घर आता डोंगराच्या पोटात आहे.

देवळामागचे भोकराचे झाडही चांगूकडे. ते तोडू नये. भोकरांचे लोणचे घालावे. चिकाचा दुसरा उपयोग करू नये. का, ते पुढे येतेच.

६. देवळाला लागून, पायवाटेच्या वरच्या अंगाला जागेची एक पट्टी वडिलांकडून मला आलेली आहे. ती गावकीला हवी आहे. गेल्या वर्षीच्या पावसात महाड-पोलादपुरात जागोजाग डोंगर खाली आले, माणसे गेली. त्यानंतर आमच्या लोकांना बारा वर्षांपूर्वीची आठवण नव्याने झाली, आणि कै. रावजी गुरव यांच्या नावाचा दगड देवळाशेजारी उभा करायचा असा ठराव झाला. गणपतीत रामजीकाका स्वतः महाडला आले आणि मजकूर म्हणून दाखवला: 'देवाचा सच्चा सेवक, ज्याच्या खऱ्या कौलाने कोंड वाचला.'

मी म्हणालो, "काका, विचार करून सांगतो."

"ईचार? बापाच्या दगडाला ईचार? लोक बापाचं नाव रस्त्याला लावायला पुढाऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. कसला रे पोरगा तू!" असे म्हणून ते उठले आणि छत्री घेऊन गेले.

तो विचार मी दोन महिने केला. त्याचा निकाल खाली लिहितो. पण आधी झाले काय, ते सांगणे भाग आहे.

१९९४ च्या आषाढात कोंडाच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली. ती सर्वांनी पाहिली होती. पोरे तीत काठ्या खुपसून खोली बघत. सरकारी माणूस येऊन सांगून गेला. मी सांगितले, अश्वजितला बरोबर नेऊन पुन्हा सांगितले. पण लावणी ऐन भरात होती. आवणात रोप तयार असताना घर सोडायचे म्हणजे वर्षाचे भात सोडायचे. रामजीकाका म्हणाले, "डोंगर आपला हाय. तो आपल्या अंगावर कशाला येल? आणि आम्ही गेलो तर लावणी कोण करील, तुझी लायब्री?" सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरे काय करावे ते सुचेना.

वडील उठून देवळाकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भैरीला कौल लावतो म्हणून दवंडी दिली. आमच्याकडे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, त्यांना कळे म्हणतात. गुरवाने गाऱ्हाणे घालायचे, प्रश्न मांडायचा आणि सर्वांनी श्वास धरून थांबायचे. उजवा कळा पडला की होय, डावा पडला की नाही. जमिनीचा तंटा असो, लग्न असो, भैरी बोलला की आमच्याकडे वर कोर्ट नाही.

"कोंडानं उठावं का, म्हाराजा?" वडिलांनी विचारले. उजवा कळा पडला.

लोक हलले, पण उठले नाहीत. रामजीकाका म्हणाले, "भैरी आजवर कोणाला ऊठ म्हणाला नाय. कोणाचा गुन्हा झाल्याबिगर देव घर सोडायला सांगत नाय. कारण ईचार, रावजी. कारण कळल्याबिगर चूल हलायची नाय."

वडील देवाकडे वळले. त्यांची पाठ मला दिसत होती. मग म्हणाले, "देवराईत कुऱ्हाड लागली, म्हणून का रं बाबा?"

उजवा कळा पडला.

सगळ्यांच्या माना बनुबाईकडे वळल्या. बनुबाई ही आमच्या शेजारची विधवा बाई. पुढच्या मार्गशीर्षात तिच्या मुलीचे लग्न करायचे ठरले होते. त्याच्या चुलाणासाठी तिने पावसाआधी देवराईतली एक वाळकी फांदी तोडून आणली होती. सगळ्या कोंडाला ते माहीत होते आणि त्या क्षणापर्यंत कोणाला त्याचे काही वाटले नव्हते. ती म्हणाली, "वाळकी व्हती गो ती," बायकांकडे बघून. बायका मुलांना गोळा करायला निघाल्या.

दुपारपर्यंत कोंड रिकामा झाला. महाडचा मुनाफ, ज्याचा ट्रक आमच्याकडे खत-सिमेंट आणायचा, तो म्हाताऱ्यांना न्यायला आला. ट्रकमध्ये आदल्या दिवशी सुकट भरलेली होती. देवाची पेटी आणि ढोल घेऊन वडील चढताना कोणी तरी नाक मुरडले. मुनाफ म्हणाला, "देवाला वास चालतो, तुम्हालाच चालत नाय. बसा गुपचूप." आम्ही रस्त्याकडेच्या शाळेत उतरलो.

आणि डोंगर आला नाही. पाऊस उघडला, चक्क ऊन पडले. शाळेच्या व्हरांड्यातून आमची खाचरे दिसत, रोप पिवळे पडत चाललेले. लोक कुजबुजू लागले, मग मोठ्याने बोलू लागले. तिसऱ्या दिवशी पुरुष मंडळी परत निघाली तेव्हा वडील पायवाटेवर आडवे झाले. "जायचं तर माझ्यावर पाय देऊन जा." शिव्या पडल्या. एकाने माती फेकली. गुरवाच्या अंगावर पाय द्यायचे धाडस मात्र कोणाला झाले नाही. ते तसेच चिखलात पडून होते, डोळे मिटून, ओठ हलवत.

त्याच दुपारी डोंगर आला. ज्यांनी तो आवाज ऐकला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. वरची आळी गेली, आमचे घर गेले, रामजीकाकांचे बैल गेले. माणूस एकही गेले नाही.

वाट मोकळी झाल्यावर वडील आणि मी देवळाकडे गेलो. ते कातळावर आहे म्हणून राहिले. दार मोडून आत वारा-पाऊस खेळून गेला होता. भैरीचा उजवा खांदा स्वच्छ होता. डाव्या खांद्यावर कळे तसेच होते, काळे पडलेले, पण चिकटलेले. वडिलांनी नख लावले. निघेनात. भोकराच्या चिकाचा वास मला लहानपणापासून ठाऊक आहे; त्याने आम्ही पतंग चिकटवायचो.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "पाणी आण," म्हणाले. मी आणले. त्यांनी देवाचा खांदा भिजवून भिजवून, लहान मुलाची खपली काढावी तसे ते कळे काढले.

श्रावणात गावकी बसली आणि बनुबाईला वाळीत टाकले. बाहेरच्यांसाठी सांगतो: म्हणजे तिच्याशी कोणी बोलायचे नाही, पाणवठ्यावर तिने यायचे नाही, तिच्या घरी लग्नाला वा मयताला कोणी जायचे नाही. जे डोंगराखाली गेले असते त्या सगळ्यांचे जीव वाचले, पण देवाला राग आणणारी ती, हे ठरलेच होते. मुलीचे लग्न मोडले. वडील त्या बैठकीत मानाच्या जागी बसून होते आणि एक शब्द बोलले नाहीत. बैठकीनंतर मी विचारले तेव्हा म्हणाले, "आज खरं सांगितलं तर पुढच्या येळी कोण उठंल?"

बनुबाई मुलीला घेऊन महाडला आली. मुनाफची आई हाजराआपा हिने गोदामामागची पडवी तिला राहायला दिली. तिथे ती तांदळाचे पापड आणि कुरडया करून विकते. मुलीचे पुढे खेडकडे लग्न झाले, हाजराआपाच्या अंगणात. दर सुगीला वडील मुनाफच्या ट्रकमधून तिला तांदूळ पाठवत, नाव न सांगता.

१९९७ साली वडील गेले. शेवटच्या दुखण्यात एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "वाटेवर पडलो होतो ना, तवा मी भैरीला नवस बोललो. डोंगर पाड म्हणून. नाय पडला असता तर बनीच्या डोक्यावर फुकटच घातलं असतं." मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

माझ्या वडिलांनी आपल्याच घरावर, आपल्याच कोंडावर डोंगर पडावा म्हणून देवाला विनवले. त्यांना शूर म्हणावे का? मी उमरठच्या वाटेवर वाढलो. माघात वडील मला खांद्यावर घेऊन, गड घेताना पडलेल्या वीराच्या तिथल्या उत्सवाला नेत. मर्दानी खेळ बघताना मला वाटे, शूर कोण हे विचारावे लागतच नाही, त्याच्या हातात तलवार असते. वडिलांच्या हातात भोकराचा चीक होता. डोंगर आला नसता तर वाळीत तेच पडले असते, हे त्यांना पक्के माहीत होते. म्हणजे धैर्य होते. पण स्वतःच्या मानेबरोबर त्यांनी दुसरीची मानही सुरीखाली ठेवली, आणि निभावल्यावर आपली तेवढी काढून घेतली. मी एका वर्षी त्यांना थोर ठरवतो, दुसऱ्या वर्षी भेकड.

अश्वजितला मी हे सर्व यंदाच सांगितले, ग्रंथालयाच्या पायरीवर. तो म्हणाला, "मला तुझ्या देवाचा खरा कौलही खोटाच. मग खोट्या कौलाचं मला काय सांगतोस? खोटं नाही मला टोचत. फांदी रामजीच्या घरातल्या कोणी तोडली असती, तर तुझ्या बापाने विचारलं असतं का, ते सांग."

तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. अजून तो माझ्याजवळच आहे.

मग दिवाळीनंतर मी बनुबाईकडे गेलो. ती अंगणात पापड उलटत होती. तिच्यासमोर बसून सगळे सांगितले, चिकासकट. ती उलटत राहिली. शेवटचा पापड उलटून झाल्यावर म्हणाली, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"तांदूळ यायला लागला तवापासून. गुरवाच्या खाचरातला तांदूळ मी वळखणार नाय व्हय? भैरीनं केलं असतं तर तुझा बाप तांदूळ कशाला धाडील?"

"मग बोलली का नाहीस, काकी?"

"कोणाशी बोलू रे? वाळीत व्हते ना मी!" आणि ती चक्क हसली. मग पदराने पीठ पुसत म्हणाली, "वाईट नव्हता रावजी. त्यानं आदल्या राती येऊन मला ईचारलं असतं ना, बने, तुझ्यावर घालतो, पोरंबाळं वाचतील, तर मी घाल म्हटलं असतं. पोरीच्या लग्नावर पाणी सोडून म्हटलं असतं. ईचारलं नाय. तेवढंच."

मी विचारले, आता गावकीत खरे सांगू का? सांगितले तर कौलावरचा विश्वास जाईल. उद्या पुन्हा डोंगर फाटला तर लोक उठणार नाहीत, हीच वडिलांची भीती होती.

"सांग," ती म्हणाली. "परत फाटला तर भैरीचं नाव नको सांगू. माझं सांग. म्हणावं, मागल्या येळी तुमाला उठवायला एका बाईला बारा वर्सं जाळली, आता तरी आपल्या पायानं उठा. उठतील. लाजंनं उठतील."

सबब, सदर पट्टी मी खडपकोंडाच्या गावकीस दगड उभा करण्यासाठी देत आहे, परंतु पुढील अटींवर.

(अ) आधी बनुबाईला वाळीतून काढावे. रीत अशी आहे की वाळीतला माणूस गावकीपुढे नारळ ठेवून माफी मागतो. इथे नारळ गावकीने तिच्यापुढे ठेवावा, आणि तो रामजीकाकांनी स्वतः ठेवावा. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्या दिवशी कारण त्यांनी मागितले, एवढे त्यांनी आठवावे.

(आ) भैरीच्या पंगतीतले आमच्या घराचे मानाचे पान यापुढे बनुबाईचे, तिच्यामागे तिच्या मुलीचे. हे कायद्यात बसत नाही असे अश्वजित म्हणतो. गावकीने बसवावे, आजवर कायद्यात न बसणारे पुष्कळ बसवले आहे.

(इ) कलम ६ गावकीत पूर्ण वाचावे. मी मुंबईहून परत आलो तर स्वतः उभा राहून वाचीन. मेल्यावर खरे बोलण्यात फारसे काही नाही, हे मला कळते. तरी हृदयावर भरवसा नाही म्हणून लिहून ठेवले.

(ई) दगडावर 'सच्चा' आणि 'खरा' हे शब्द नकोत. 'शूर' हाही नको. तो वाचणाऱ्याने आपल्या मनात म्हणावा किंवा म्हणू नये. मजकूर पुढील, आणि एवढाच:

रावजी गुरव यांनी देवाच्या नावाने खोटे सांगितले.
त्याने खडपकोंड वाचला.
त्याचे मोल बनुबाई हिने भरले.
<s>तिला कोणी विचारले नव्हते.</s>

हा मजकूर मान्य नसेल तर दगड उभारू नये. पट्टीवर गवत वाढू द्यावे आणि पोरांना खेळू द्यावे.

सही करण्यापूर्वी खुलासा: कलम ६ (ई) मधील शेवटची ओळ मी लिहिली होती. आज सही करण्याआधी साक्षीदारांसमक्ष बनुबाई हिला ती वाचून दाखवली आणि ठीक आहे का म्हणून विचारले. ती म्हणाली, "आता ईचारलंस ना? मग ती खोड." मी म्हटले, काकी, खरी ओळ आहे. ती म्हणाली, "खरी व्हती." म्हणून खोडली आहे. खाडाखोडीवर माझी सही केली आहे. सौ. सुंदरा हिने सर्वांना चहा दिला.

येणेप्रमाणे लिहिलेले वाचून पाहिले. बरोबर आहे.

स्थळ: महाड
दिनांक: ९ नोव्हेंबर २००६

महिपती रावजी गुरव
(सही)

आमच्या समक्ष वरील इसमाने शुद्धीवर असताना सही केली:

१. अश्वजित (सही). पुस्तके मिळालेली नाहीत.

२. मुनाफ (सही). सुकट दोन दिवसांआधीची होती, आदल्या दिवशीची नाही. बाकी सर्व खरे.